जिल्ह्याच्या ठेवी आणि जिल्ह्याबाहेरची कर्जे : ‘सीडी रेशो’ समजून घेताना

दर तीन महिन्यांनी वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर एक बातमी ठरल्यासारखी येते. जिल्हाधिकारी कार्यालयात बँकांची आढावा बैठक झालेली असते, काही बँकांनी कर्जवाटपाचे उद्दिष्ट गाठले नाही म्हणून जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांची कानउघाडणी केलेली असते आणि ‘जिल्ह्याचा सीडी रेशो वाढवा’ अशी तंबी दिलेली असते. त्याच पानावर पुष्कळदा उद्योजकांच्या एखाद्या संघटनेचे निवेदनही असते : लहान उद्योगांना बँका कर्ज देत नाहीत, तारणाशिवाय बोलत नाहीत, नुसते हेलपाटे मारायला लावतात. या दोन बातम्यांचा एकमेकींशी संबंध असणार हे वाचकाला जाणवते, पण तो नेमका कोणता हे बातमीतून कळत नाही. सीडी रेशो वाढला म्हणजे तालुक्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या फॅब्रिकेशनच्या शेडला कर्ज मिळेल का? मिळेलच असे नाही. ते का, हे पाहायचे तर बँकेच्या पैशाचा जिल्ह्यातला प्रवास मुळापासून पाहावा लागेल.

सीडी रेशो म्हणजे काय?

बँकांच्या शाखांमध्ये लोकांनी ठेवलेल्या प्रत्येक १०० रुपयांमागे त्याच शाखांनी किती रुपयांची कर्जे दिली आहेत, हे सांगणारा आकडा म्हणजे कर्ज-ठेव गुणोत्तर, अर्थात सीडी रेशो. एखाद्या जिल्ह्यातल्या सर्व शाखांत मिळून ५,००० कोटी रुपयांच्या ठेवी असतील आणि कर्जे २,००० कोटींची असतील, तर त्या जिल्ह्याचा रेशो ४० टक्के झाला.

उरलेले ६० रुपये जातात कुठे? सगळेच जिल्ह्याबाहेर जातात असे म्हणणे बँकांवर अन्यायाचे होईल. प्रत्येक १०० रुपयांच्या ठेवीतला काही भाग रिझर्व्ह बँकेकडे रोख राखावा लागतो आणि काही भाग मुख्यतः सरकारी रोख्यांत गुंतवावा लागतो. २०२५ अखेरच्या दरांनुसार हे प्रमाण अनुक्रमे ३ आणि १८ टक्के, म्हणजे मिळून २१ रुपये होते. तेवढे वगळले तरी आपल्या उदाहरणातल्या जिल्ह्यात जवळपास ३९ रुपये उरतात. ते बँकेच्या मुख्यालयाच्या एकत्रित निधीत जमा होतात आणि जिथे मागणी आहे, जिथे जोखीम कमी वाटते, तिथे कर्ज म्हणून दिले जातात. ठेवीदाराला त्याचे व्याज मिळतेच, त्याचे काही बुडत नाही. फक्त त्याच्या गावच्या बचतीवर दुसऱ्या शहरातला उद्योग उभा राहतो. याच कारणाने एखाद्या मोठ्या शहराचा रेशो १०० च्या वरही जाऊ शकतो. बाहेरून आलेला पैसा तिथे कर्जरूपाने वाटला गेलेला असतो.

धरणाच्या लाभक्षेत्रात राहणाऱ्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. धरण भरले म्हणून शेवटच्या टोकाच्या शेताला पाणी मिळतेच असे नाही. मुख्य कालवा, वितरिका, पोटचारी अशी प्रत्येक पायरी धड असावी लागते, नाहीतर वरच्याच शेतांत पाणी मुरते. पतपुरवठ्याच्या चर्चेत आपण बहुतेक वेळ धरणातल्या साठ्याबद्दल बोलत असतो आणि पोटचारीकडे पाहायचे राहून जाते.

जिल्हावार हिशेब ठेवण्याची पद्धत कुठून आली?

१९ जुलै १९६९ रोजी १४ मोठ्या खासगी बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. बँका सरकारच्या झाल्या, तरी त्यांनी ग्रामीण आणि मागास भागात काम कसे करायचे याची रीत ठरलेली नव्हती. त्याच वर्षी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने ‘क्षेत्रीय दृष्टिकोन’ सुचवला. सगळ्या बँकांनी सगळीकडे थोडेथोडे करण्यापेक्षा एकेका जिल्ह्याची जबाबदारी एकेका बँकेकडे द्यावी, तिने त्या जिल्ह्याच्या गरजा ओळखाव्यात आणि इतर बँकांना बरोबर घेऊन आराखडा करावा, असा त्याचा आशय होता. डिसेंबर १९६९ मध्ये अग्रणी बँक योजना सुरू झाली ती यातूनच. आज महाराष्ट्रात पुणे, सातारा, नाशिक या जिल्ह्यांची अग्रणी बँक म्हणून बँक ऑफ महाराष्ट्र, कोल्हापूर, सांगली, रत्नागिरी या जिल्ह्यांत बँक ऑफ इंडिया आणि जळगाव, धुळे या जिल्ह्यांत सेंट्रल बँक ऑफ इंडिया काम पाहते.

अग्रणी बँकेचा जिल्हा व्यवस्थापक हा या रचनेतला महत्त्वाचा आणि बहुतेकांना अपरिचित असा माणूस असतो. नाबार्ड प्रत्येक जिल्ह्यासाठी ‘संभाव्यतायुक्त पत आराखडा’ तयार करते, म्हणजे शेती, पूरक व्यवसाय, लहान उद्योग यांत किती कर्ज खपू शकेल याचा अंदाज मांडते. त्याच्या आधारे अग्रणी बँक जिल्ह्याचा वार्षिक पतपुरवठा आराखडा बनवते, तो शाखाशाखांत वाटला जातो आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय सल्लागार समिती दर तिमाहीला त्याचा आढावा घेते. बातमीत येते ती हीच बैठक.

रेशो किती असावा याबद्दल रिझर्व्ह बँकेच्या २००५ च्या सूचना आहेत. ज्या जिल्ह्याचा रेशो ४० टक्क्यांच्या खाली आहे, तिथे सल्लागार समितीची खास उपसमिती नेमून तो वाढवण्याचा कार्यक्रम आखायचा. ४० ते ६० च्या दरम्यान असलेल्या जिल्ह्यांवर सल्लागार समितीनेच लक्ष ठेवायचे. २० च्याही खाली असेल तर त्या जिल्ह्याकडे वेगळ्या पद्धतीने पाहायचे.

मग रेशो वाढला की काम झाले का?

नाही, आणि हा मुद्दा जरा सविस्तर पाहायला हवा, कारण बैठकांमध्ये सर्वाधिक गल्लत इथेच होते.

सीडी रेशो हा अपूर्णांक आहे. त्याच्या वरच्या भागात, म्हणजे कर्जांत, सर्व प्रकारची कर्जे येतात : घराचे, मोटारीचे, सोन्यावरचे, वैयक्तिक, शेतीचे, कारखान्याचे. एखाद्या जिल्ह्यात सोनेतारण कर्जे झपाट्याने वाढली तर रेशोही वाढतो, पण त्यातून एक नवे यंत्र बसले किंवा एक नवा कामगार लागला असे होईलच, याची काही खात्री नाही. लोक नाइलाजाने दागिने गहाण ठेवत असतील तर रेशोची वाढ हे अडचणीचेही लक्षण असू शकते.

अपूर्णांकाच्या खालच्या भागाचेही तेच. रत्नागिरी, सिंधुदुर्ग यांसारख्या जिल्ह्यांतली पुष्कळ माणसे पिढ्यानपिढ्या मुंबईत कमावतात आणि बचतीचा एक भाग गावाकडच्या खात्यात ठेवतात. अशा ठिकाणी ठेवी स्थानिक अर्थव्यवस्थेच्या मानाने मोठ्या होतात, आणि तिथल्या बँकांनी कर्जे चांगली दिली तरी रेशो कमीच दिसण्याकडे कल राहतो. उलट ज्या जिल्ह्यात लोकांकडे साठवायलाच काही नाही, तिथे थोड्याशा कर्जांनीही रेशो फुगतो. दोन जिल्ह्यांचे रेशो शेजारी ठेवून त्यांच्या बँकांची तुलना करणे म्हणूनच फसवे ठरते.

तिसरी गोम आणखी वेगळी आहे. कर्ज मंजूर एका ठिकाणी होते आणि वापरले दुसऱ्या ठिकाणी जाते. कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय मुंबईत आणि कारखाना दुसऱ्या जिल्ह्यात असेल, तर कर्ज पुष्कळदा मुंबईच्या शाखेत नोंदले जाते. राज्य पातळीवर हिशेब करताना वापराचे ठिकाण धरावे आणि जिल्हा पातळीवर मंजुरीचे, अशी २००५ च्या सूचनांत तरतूद होती. राज्याच्या सरासरीवर मुंबईचे वजन किती पडत असेल याची कल्पना यावरून येईल. महाराष्ट्राचा एकूण आकडा पाहून गडचिरोली किंवा हिंगोलीबद्दल काहीही अनुमान काढता येत नाही.

‘प्राधान्य क्षेत्रा’चे बंधन आहे ना?

आहे. देशी व्यापारी बँकांनी ठरावीक पद्धतीने काढलेल्या आपल्या एकूण कर्जांपैकी ४० टक्के कर्जे प्राधान्य क्षेत्राला, म्हणजे शेती, लहान उद्योग, शिक्षण, परवडणारी घरे इत्यादींना दिली पाहिजेत. त्यातही १८ टक्के शेतीला आणि ७.५ टक्के सूक्ष्म उद्योगांना. हे बंधन प्रभावी आहे, पण ते संपूर्ण बँकेवर आहे, जिल्ह्यावर नाही. एखादी बँक आपले सूक्ष्म उद्योगांचे लक्ष्य पुण्याच्या भोसरी-चाकण पट्ट्यात पूर्ण करू शकते आणि नंदुरबारमध्ये काही न करताही नियमात बसते. शिवाय एप्रिल २०१६ पासून ज्या बँकेचे लक्ष्य कमी पडले तिला, ज्या बँकेचे जास्त झाले आहे तिच्याकडून त्या वाढीव कामगिरीचे प्रमाणपत्र विकत घेता येते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने यात वावगे काही नाही. ज्याला जे जमते ते त्याने करावे, एवढेच त्यामागचे तत्त्व. पण दूरच्या तालुक्यात जाऊन कर्जदार शोधण्याची निकड त्यामुळे कमी होते, हेही नाकारता येणार नाही.

ही उणीव रिझर्व्ह बँकेच्या लक्षात आली नाही असे नव्हे. २०२० च्या नियमांत एक चांगली सुधारणा झाली आणि ती २०२१-२२ पासून लागू झाली. दरडोई प्राधान्य क्षेत्र कर्ज ज्या जिल्ह्यांत फार कमी आहे, तिथे दिलेल्या नव्या कर्जाला लक्ष्याच्या हिशेबात १२५ टक्के वजन मिळते, आणि जिथे ते आधीच भरपूर आहे तिथे ९० टक्के. २०२४-२५ पासून या दोन गटांसाठीच्या सीमा दरडोई ९,००० आणि ४२,००० रुपये करण्यात आल्या. म्हणजे मागे पडलेल्या जिल्ह्यात १०० रुपये दिले की बँकेच्या खाती १२५ मोजले जातात. माझ्या मते गेल्या दशकातला हा सर्वांत समंजस बदल आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी झाली.

बँक लहान उद्योगाला कर्ज द्यायला कचरते ती का?

आता पोटचारीकडे येऊ. १० लाखांच्या कर्जाची फाइल आणि १० कोटींच्या कर्जाची फाइल तपासायला लागणाऱ्या कष्टांत शंभरपट फरक नसतो, पण मिळणाऱ्या व्याजात असतो. मोठ्या कंपनीचे लेखापरीक्षित ताळेबंद, पतमानांकन, बाजारातली पत हे सारे तयार असते. लहान उद्योजकाचे खरे चित्र त्याच्या डोक्यात, वहीत आणि शेजारपाजारच्या व्यापाऱ्यांच्या तोंडी असते. बँकेला हवी असलेली माहिती असते, पण बँकेला वाचता येईल अशा रूपात नसते.

यावर एक रास्त शंका येते. जोखीम जास्त आहे तर बँकेने व्याज जास्त लावावे, पण कर्ज तरी द्यावे. सावकार आणि काही वित्तसंस्था तेच तर करतात. अर्थतज्ज्ञ जोसेफ स्टिग्लिट्झ आणि अँड्र्यू वाइस यांनी १९८१ मध्ये याचे जे उत्तर मांडले ते आजही चपखल बसते. बँक व्याज वाढवत गेली की जपून धंदा करणारा माणूस मागे हटतो, कारण तेवढे व्याज भरून त्याला काही उरत नाही. पुढे येतो तो मोठा डाव खेळणारा, किंवा परत करण्याचा फारसा विचारच नसलेला. म्हणजे दर वाढवल्याने बँकेच्या दारात उभ्या असलेल्या कर्जदारांचा दर्जाच खालावतो. एका मर्यादेनंतर बँक दर वाढवत नाही, सरळ नकार देते. त्यात चांगलेही गाळले जातात, कारण कोण कसा हे तिला बाहेरून ओळखता येत नाही.

त्यात भर पडते ती शाखा व्यवस्थापकाच्या स्वतःच्या स्थितीची. दिलेले कर्ज बुडाले तर त्याची चौकशी होते. न दिलेल्या कर्जामुळे बंद पडलेल्या उद्योगाबद्दल त्याला कोणी काही विचारत नाही. शिवाय दोन-तीन वर्षांनी त्याची बदली होते आणि गावाची त्याला झालेली ओळख त्याच्याबरोबर निघून जाते.

एक फाइल जवळून

फॅब्रिकेशनचे एक लहान युनिट समजा. वर्षाची अपेक्षित विक्री ४० लाख रुपये. यंत्र घेण्यासाठी लागते ते मुदत कर्ज. पत्रा, वेल्डिंग रॉड, मजुरी, वीजबिल यांसाठी रोज लागते ते खेळते भांडवल. लहान उद्योगांना खेळते भांडवल किती द्यावे याचा सोपा ठोकताळा १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रिझर्व्ह बँकेच्या नायक समितीने घालून दिला : अपेक्षित वार्षिक विक्रीच्या २५ टक्के ही गरज धरावी, त्यातले २० टक्के बँकेने द्यावेत आणि ५ टक्के उद्योजकाने स्वतः घालावेत. आपल्या युनिटची गरज झाली १० लाख. बँकेचे ८, मालकाचे २.

या ठोकताळ्यात एक गोष्ट गृहीत आहे. २५ टक्के म्हणजे वर्षाचा चौथा भाग, म्हणजेच माल आणण्यापासून पैसे हातात येईपर्यंतचे चक्र तीन महिन्यांत पूर्ण होते असे मानलेले आहे. प्रत्यक्षात आपल्या युनिटचा मोठा ग्राहक बिल चार महिन्यांनी देतो. महिन्याची विक्री साधारण ३ लाख ३३ हजार. चार महिन्यांची येणीच १३ लाखांच्या पुढे जातात. १० लाखांच्या गरजेचा हिशेब तिथेच मोडतो.

खरी मेख याच्या पुढे आहे. खेळत्या भांडवलाच्या, म्हणजे कॅश क्रेडिट, खात्यातून किती रक्कम उचलता येईल हे दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून, म्हणजे शिल्लक माल आणि येणी यांच्या तक्त्यावरून, ठरते, आणि ९० दिवसांहून जुनी येणी बँका त्यात सहसा धरत नाहीत. ग्राहकाने पैसे जितके लांबवले तितकी उद्योजकाची उचल मर्यादा घटते. म्हणजे पैशाची गरज सर्वांत जास्त असताना बँकेची मदत सर्वांत कमी होते. दुसरीकडे ९० दिवस खाते नियमित राहिले नाही तर ते अनुत्पादक, म्हणजे एनपीए, ठरते. मग पतनोंद खराब होते आणि पुढच्या कर्जाचे दार बंद होते. या सगळ्यात त्या उद्योजकाने माल वेळेवर आणि चांगला दिलेला असतो.

कायदा त्याच्या बाजूने आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ नुसार सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे, करारात काहीही लिहिले असले तरी, ४५ दिवसांच्या आत दिले पाहिजेत. नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. हे व्याज मागायला फार थोडे जण धजावतात, कारण मागितले की पुढची ऑर्डर जाते. ही अडचण ओळखून प्राप्तिकर कायद्यात नवी तरतूद आणली गेली आणि ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजावट म्हणून दाखवता येत नाही. प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच दाखवता येतो. तक्रार न करताही दबाव येतो, हा तिचा गुण. व्यापारी मात्र तिच्या बाहेर आहेत. किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना २०२१ पासून ‘उद्यम’ ही लहान उद्योगांची सरकारी नोंदणी मिळते, पण ती प्राधान्य क्षेत्र कर्जापुरती.

आणखी एक मार्ग म्हणजे ‘ट्रेड्स’. मोठ्या कंपनीने मान्य केलेले बिल या ऑनलाइन व्यासपीठावर टाकले की बँका त्यावर बोली लावतात आणि लहान पुरवठादाराला लगेच पैसे मिळतात. मुदत झाल्यावर बँक ते मोठ्या कंपनीकडून वसूल करते. इथे पत मोजली जाते ती मोठ्या कंपनीची, हीच याची खुबी. २५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना यात नोंदणी बंधनकारक झाली आहे. परंतु कंपनीने बिल मान्य करणे ही पहिली पायरी तिच्याच हातात राहते.

सरकारची हमी असताना तारण का मागतात?

सूक्ष्म व लघु उद्योगांना तारणाशिवाय कर्ज मिळावे म्हणून केंद्र सरकार आणि सिडबी (लहान उद्योगांच्या वित्तपुरवठ्यासाठीची राष्ट्रीय बँक) यांनी २००० मध्ये पतहमी न्यास स्थापन केला. कर्ज बुडाल्यास बुडीत रकमेचा साधारण ७५ ते ८५ टक्के भाग हा न्यास बँकेला देतो. हमीची कमाल मर्यादा २०२३ मध्ये ५ कोटी आणि १ एप्रिल २०२५ पासून १० कोटी रुपये झाली. शिवाय १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१० मध्येच बँकांना बजावले.

तरीही घराचे कागद मागितले जातात, ही तक्रार खोटी नसते. हमी आपोआप लागू होत नाही. तिच्यासाठी दर वर्षी शुल्क भरावे लागते आणि ते बहुधा कर्जदाराकडूनच घेतले जाते. बुडीत झाल्यावर आधी कायदेशीर कारवाई सुरू करावी लागते, मग दावा, आणि हमीची रक्कम टप्प्यांनी येते. दरम्यान थकीत कर्ज शाखेच्या माथी दिसतच राहते. घर गहाण असेल तर कर्जदार हप्ता चुकवताना दहादा विचार करतो, हा व्यवस्थापकाचा अनुभवही त्यामागे असतो. हमी नुकसान भरून देते, परतफेडीचा धाक निर्माण करत नाही. ज्याच्याकडे गहाण ठेवायला काहीच नाही त्याच्यावर यात अन्याय होतो, आणि स्त्रियांवर तो अधिक होतो, कारण घर आणि जमीन बहुधा त्यांच्या नावावर नसते.

मुद्रा योजनेने हे भागले नाही का?

काही अंशी भागले. ८ एप्रिल २०१५ ला सुरू झालेल्या या योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत आणि तरुण गटात १० लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. २०२४ मध्ये आधीचे तरुण कर्ज फेडलेल्यांसाठी २० लाखांपर्यंतचा गट जोडला गेला. खात्यांच्या संख्येत आजवर शिशु गटच सर्वांत मोठा राहिला आहे. हातगाडी, शिलाई मशीन, छोटे दुकान यांना ५० हजारांचा आधार मोलाचा असतो, पण चार माणसांना कायम काम देणारे युनिट त्यातून उभे राहत नाही. शिशुच्या वर आणि मोठ्या तारणावरच्या कर्जाच्या खाली जो उद्योजक आहे, तोच सर्वांत जास्त अडकतो. २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या उपेंद्रकुमार सिन्हा समितीने लहान-मध्यम उद्योगांच्या पतपुरवठ्यातली एकूण तूट २० ते २५ लाख कोटी रुपये असल्याचा अंदाज दिला होता.

स्थानिक बँकांनाच हे काम का देऊ नये?

महाराष्ट्राला हा प्रश्न विचारण्याचा खास हक्क आहे, कारण नागरी सहकारी बँका आणि पतसंस्था यांचे एवढे दाट जाळे थोड्याच राज्यांत असेल. स्थानिक संचालकाला माणूस ठाऊक असतो, त्याच्या वडिलांचा व्यवहार ठाऊक असतो, आणि ठेवी त्याच भागात फिरतात. ताळेबंदात न दिसणारी माहिती वापरता येणे, हे या संस्थांचे खरे भांडवल आहे.

त्याच ओळखीची दुसरी बाजू म्हणजे नात्यागोत्यात वाटलेली कर्जे. २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा एकाच उद्योगसमूहाकडे कर्जे एकवटल्याने काय होते ते लाखो ठेवीदारांनी सोसले. संस्था प्रामाणिक असली तरी एकाच भागात काम करण्याची जोखीम राहतेच : सलग दोन दुष्काळ पडले, द्राक्ष किंवा कांद्याचा भाव कोसळला, की शेतकरी, वाहतूकदार, कोल्ड स्टोरेजवाला आणि दुकानदार एकदमच थकतात. मोठी बँक एका जिल्ह्यातले नुकसान दुसऱ्या जिल्ह्यातून भरून काढते, स्थानिक बँकेला ती सोय नसते. लहान बँकेने कर्ज द्यावे आणि मोठ्या बँकेने त्यातला हिस्सा उचलावा, अशा सहकर्जाच्या रचना आता पुढे येत आहेत त्या यासाठीच.

दडपण आणून कर्जे वाटली तर ती बुडणार नाहीत का?

ही भीती इतिहासाला धरून आहे. १९७७ ते १९९० या काळात बँकांना असा नियम होता की, बँक असलेल्या ठिकाणी एक नवी शाखा काढायची तर बँक नसलेल्या ठिकाणी चार काढाव्या लागतील. नंतरच्या संशोधनातून असे दिसले की, या विस्तारामुळे ग्रामीण दारिद्र्य घटण्यास मदत झाली. त्याच काळात ग्रामीण कर्जांची थकबाकीही मोठी होती आणि १९९० च्या कर्जमाफीने परतफेडीच्या शिस्तीला धक्का बसला, हेही तितकेच खरे. फायदा झाला, आणि त्याची किंमतही मोजावी लागली. उद्दिष्ट रकमेचे असले की मार्चअखेर घाईने वाटप होते. नवे कर्जदार किती जोडले आणि ते दोन वर्षांनी टिकले का, असे उद्दिष्ट असते तर घाईला जागा उरली नसती.

डिजिटल माहितीने चित्र बदलेल का?

ज्याचे व्यवहार कागदावर आहेत त्याच्यासाठी ते बदलू लागले आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘अकाउंट ॲग्रिगेटर’ व्यवस्थेमुळे उद्योजकाच्या संमतीने त्याच्या बँक खात्यांची आणि जीएसटीची माहिती कर्ज देणाऱ्याला थेट मिळते. तारणाऐवजी खात्यातला प्रवाह पाहून कर्ज ठरवणे त्यामुळे शक्य होते. रोखीत धंदा करणाऱ्याला मात्र याचा काही उपयोग नाही. ज्या जिल्ह्यांत पतपुरवठा कमी आहे तिथे रोखीचे व्यवहार बहुधा जास्त असतात, त्यामुळे नुसत्या डिजिटल कर्जावर विसंबले तर पुढारलेल्या जिल्ह्यांना आणखी कर्ज मिळेल आणि दरी रुंदावेल. उद्यम नोंदणी, यूपीआयवर घेतलेली विक्री आणि दर वर्षी वेळेवर भरलेले विवरणपत्र या तीन गोष्टी आज लहान उद्योजकाच्या बाजूने बोलतात.

नागरिकाला आणि उद्योजकाला काय मागता येते?

कर्ज नाकारले तर त्याची मुख्य कारणे लेखी कळवावीत, असे रिझर्व्ह बँकेने २००७ मध्ये सर्व प्रकारच्या कर्जांबाबत बँकांना सांगितले आहे. तोंडी नकार घेऊन परत येऊ नये, हा याचा व्यवहारातला अर्थ. कारण लेखी हातात असले की बँकेच्या वरच्या कार्यालयाकडे, अग्रणी बँकेच्या जिल्हा व्यवस्थापकाकडे आणि शेवटी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागताना बोलण्याला आधार राहतो. कारण खरे असेल, म्हणजे उदाहरणार्थ पतनोंदीत एखादी जुनी थकबाकी राहिलेली असेल, तर ती दुरुस्तही करता येते.

जिल्ह्यांच्या ठेवी आणि कर्जांचे आकडे रिझर्व्ह बँक दर तिमाहीला जाहीर करते, आणि राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या कागदपत्रांत शाखानिहाय नाही तरी बँकनिहाय तपशील सापडतो. उद्योजक संघटना आणि पत्रकारांनी पुढच्या तिमाही बैठकीच्या वेळी सीडी रेशोच्या शेजारी आणखी चार आकडे मागावेत : त्या तिमाहीत सूक्ष्म उद्योगांचे किती अर्ज आले, किती नाकारले आणि कोणत्या कारणांनी, मंजूर झालेल्यांत पहिल्यांदाच कर्ज घेणारे किती, आणि पतहमी न्यासाची हमी किती खात्यांना घेतली. यातली बहुतेक माहिती शाखांच्या नोंदींत असते. मागणारा असला तर ती तालुकावारही काढता येते.